परवाचे आंबे

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात होतो. सहा आठवडे झाले. तेव्हापासून एक गोष्ट लिहायची टाळतोय...

दादा, माझा थोरला भाऊ, परळच्या गिरणीत साच्यावर कापड विणायचा. संप लांबत गेला तसा तो दादरच्या मंडईबाहेर गावचे हापूस घेऊन बसू लागला. कुणी फळ दाबून बघितलं की म्हणायचा, “बाय, आंबो तो, कणकेचो गोळो न्हय.” सकाळी एकदाच देठाजवळ अंगठा टेकवून तो फळ पारखायचा, कागदात गुंडाळायचा आणि पेटीत तीन थर लावायचा : आजचे, उद्याचे, परवाचे. पुन्हा हात लावायचा नाही, फळाला डाग पडतो म्हणून. दादाने परवा म्हटलं की परवाच, असं बायका एकमेकींना सांगत. गिरणी सुटलेल्या माणसाला तेवढाच मान उरला होता.

मी तेव्हा कॉलेजात. एका दुपारी मला बसवून तो जेवायला गेला. वर्गातल्या एका मुलीसाठी देखणा आंबा हवा म्हणून मी कागद सोडवत पेटी तळापर्यंत उपसली. तो लांबून येताना दिसला, तसे हाताला येतील ते आंबे गुंडाळून परत भरले.

संध्याकाळी नेहमीच्या मास्तरीणबाईंनी परवाचे डझनभर नेले. त्यांच्या मुलीला बघायला माणसं यायची होती, आमरसाचा बेत होता. तिसऱ्या दिवशी त्या उतरलेले आंबे घेऊन आल्या. ओरडल्या नाहीत. “तुमच्या शब्दावर नेले होते हो,” एवढंच म्हणाल्या.

दादा बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. घरी जेवताना म्हणाला, “साच्यावर बोटां मेली माझी.” मी समोरच बसलो होतो. पाणी प्यायलो.

पुढे त्याने आंबे सोडले, वडाळ्याला वॉचमन झाला. घरी केळीसुद्धा वहिनीच आणायची. हॉस्पिटलात मी शेवटचा भेटलो तेव्हा आंबे नेले होते. कुठला कापू, असं वहिनीने विचारलं, तर त्याने हात चादरीखाली घेतला. “त्याका विचार. शिकलेलो आसा.” मी हाताला येईल तो आंबा उचलून वहिनीला दिला.

तेराव्यानंतर वहिनीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

“रोज सकाळी गरम पाण्यात बोटं बुडवून बसायचे, भावजी. इतकी वर्षं. मी विचारलं तर म्हणायचे, जित्ती होतात काय बघतंय.”