विहारात सांगितलेलं दुखणं

आमच्या घरातले पुरुष साप दिसला तर काठी घेऊन धावतील, पण सुई दिसली की गारठतात. त्यात लघवीची तक्रार असली, तर अळीमिळी गुपचिळी.

माझे यजमान माथेरानच्या हॉटेलात स्वयंपाकी होते. काम सोडून कर्जतजवळच्या कोंडाणे गावी घरी आले ते मधुमेह सोबत घेऊनच. रात्रीचं उठणं वाढलं तर म्हणायचे, "साखरंमुळं होतंय." मलाही ते पटायचं. घरात एक रोग शिरला की सगळं खापर आपण त्याच्याच डोक्यावर फोडतो.

कर्जतच्या डॉक्टरांनी मात्र प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ताची तपासणी करायला लावली. आकडा फार मोठा आला नाही. हे खूश! पण डॉक्टर म्हणाले, साखर असलेल्यांत हा आकडा कधीकधी कमीच दिसतो, त्यावर विसंबायचं नाही. पुढच्या तपासण्यांत कॅन्सर निघाला. वेळेत सापडला म्हणून ऑपरेशन होऊन माणूस घरी आला.

शेजारी राहणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांनाही साखर, आणि त्रासही अगदी तोच. सकाळचा पहिला चहा ते आमच्या ओट्यावर घेतात. मी बिनसाखरेचा देते, तर खिशातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकतात. तपासणीचं नाव काढलं की भडकायचे. "दादा, मला नुस्ती साखर हाय. आन् त्या जागंचं दुखणं काय गावभर सांगत फिरू?" अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, अशी म्हण आहे. इथे तर जावईही नव्हता, नुसती लाज होती. मला राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटायची.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या बुद्धविहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. एकीकडे बायका, एकीकडे पुरुष. एकदा वंदना झाल्यावर हे उभे राहिले. चार माणसांत बोलायचं म्हटलं की ह्यांना घाम फुटतो, म्हणून मला वाटलं, दान वगैरे जाहीर करतायत.

"मी रातभर लघवीला उठायचो," हे म्हणाले. "साखर हाय म्हनून गप बसलो. कॅन्सर निघाला. आपरेशन झाल्यावर म्हैनाभर ल्हान पोरासारखा लंगोट लावत होतो. आता बरा हाय. लाजायचं त्ये मी लाजून घेतलंय. तुमी नका लाजू."

भावाचं नाव त्यांनी घेतलं नाही. बायकांकडच्या तरुण सुनांनी पदर तोंडाला लावले. माझी मान मात्र खाली गेली नाही. उलट वाटलं, उठून सांगावं, हा माझा नवरा आहे.

भावजी मधेच उठून चपला घालून निघून गेले. घरी आल्यावर हे म्हणाले, "भाऊ तुटला बघ."

दुसऱ्या दिवशी भावजी नेहमीच्या वेळी ओट्यावर आले, पण इस्त्रीचा शर्ट घालून. मी चहाचं आधण ठेवायला वळले, तर त्यांनी खिशातला गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"वैनी, च्या नको. उपाशी पोटी रगत द्यायचंय. साखरंचंबी आन् त्या दुसऱ्याचंबी."

मग दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "चल की रं दादा, मला येकट्याला सुईची भीती वाटते."