यानाचा मेकॅनिक आणि माझा

छावणीतल्या त्या टीव्ही मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलंच नाही. अंतराळाची मालिका सुरू झाली त्याच आठवड्यात माझा टीव्ही बिघडून त्याच्याकडं गेला. दर सोमवारी मी चौकशीला जायचो. तो कानावरचा टेस्टर काढून हवेत यान उडवायचा आणि मला कालचा भाग सांगायचा.

"यान लई झकास बनवलंय, साहेब. दर हप्त्याला बिघडतं, हे बी पटतं. पण त्यांचा मेकॅनिक म्हणतो दहा मिनिटांत करतो, अन् खरंच करतो! असं कुठं असतंय व्हय?"

"आणि माझा टीव्ही?"

"परवा या."

मालिका संपली, त्या सोमवारी टीव्ही तयार होता.

"काय झालं होतं?"

"तार सुटली होती. पहिल्याच दिवशी जोडली," तो म्हणाला. "पण एवढं साफ चित्र दुसऱ्या कुठल्या सेटवर येईना."