मैदानात उतरलेला कोण?

संगणकाच्या पडद्यावरच्या नावावर तो तर्जनीचं नख टकटक वाजवायचा आणि त्या नावालाच विचारायचा, "मेल्या, तू खराच उतरलंस काय?"

नाव ऑस्ट्रेलियातल्या कुठल्या तरी खेळाडूचं असायचं, मरून कित्येक वर्षं झालेल्या. उत्तर येणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो क्षणभर थांबायचा, मान किंचित तिरपी करून. आम्ही, त्याचे कार्यालयातले सोबती, हसायचो. आज मला त्या थांबण्याचीच भीती वाटते.

आमचं कार्यालय कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत, एका काजू कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. काम जरा चमत्कारिक होतं. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल, एका बाजूला अठरा गडी, आणि चेंडू पायाने मारा नाहीतर हाताने ठोसा. आपल्याकडे क्रिकेटचं जे वेड, ते तिकडे याचं. कोण किती सामने खेळला, कोणी किती गोल केले, याच्या जुन्या नोंदींत चुका राहिल्या आहेत. जुन्या वर्तमानपत्रांच्या छायाप्रती वाचून त्या चुका शोधायच्या आणि दुरुस्ती सुचवायची. पगार कुडाळचा, मेलेले लोक मेलबर्नकडचे.

"ह्यो खेळ म्हणजे कबड्डीचो आणि मारामारीचो झिल," झिल म्हणजे मुलगा, असं त्याचं मत होतं. पण त्या खेळातल्या माणसांबद्दल थट्टा केलेली त्याला खपत नसे.

त्याची एक पद्धत होती. शनिवारी सामना असला की शुक्रवारच्या अंकात संघाची यादी छापून येई आणि सोमवारच्या अंकात सामन्याची हकीगत. पूर्वी नोंदी करणाऱ्यांनी बऱ्याचदा शुक्रवारची यादी पाहूनच काम उरकलेलं. मधल्या रात्रीत मात्र कोणाला ताप भरे, कोणाची गाडी चुके, आणि त्याचा सदरा अंगात घालून भलताच कोणी मैदानात धावे. तो धावलेला माणूस नोंदीत नाहीच. घरी झोपलेला मात्र खेळाडू ठरलेला.

"शुक्रवारचो कागद सांगता कोण जातलो," तो म्हणायचा, "सोमवारचो सांगता कोण गेलो. आपण सोमवारची माणसां, गो."

आणि एका सोमवारवर त्याचं भागत नसे. दोन वेगळ्या वर्तमानपत्रांनी तेच सांगितलं तरच दुरुस्ती. मी उतावळी. माझ्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बंदरात काही अन्याय झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या पडवीत पत्रकांचा गठ्ठा पडलेला असे. मी लिहिलेलं एक पत्रक त्याने चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि परत केलं. "उद्गारचिन्हां भरपूर. पुरावो खंय आसा?" मला इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्या डब्यातली सुक्या बांगड्याची किसमूर खाल्ली नाही. तिसऱ्या दिवशी खाल्ली.

एकदा त्याला एक असा गडी सापडला. यादीतला खेळाडू उजव्या पायाचा होता, हे बाकीच्या सगळ्या हकीगतींतून कळत होतं. पण त्या एका सोमवारी बातमीदाराने लिहिलेलं, डाव्या पायाने मारलेला एक सुंदर गोल. पडद्यावरचं त्याचं नख थांबलं. मग त्याने दुसऱ्या गावाचं वर्तमानपत्र शोधलं, आणि त्यात कोपऱ्यात ओळ होती की ऐनवेळी अमक्याच्या जागी तमका उतरला. दुरुस्ती तिकडे गेली. काही आठवड्यांनी तिकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं उत्तर आलं: त्या माणसाच्या घरचे तीन पिढ्या सांगत होते की आमचा आजा एकदा मोठ्या मैदानावर खेळला होता. कोणाचा विश्वास बसला नव्हता.

त्या दिवशी त्याने सगळ्यांना गुळातलं खाजं वाटलं. "एकच सामनो," तो म्हणाला. "पण खेळलो मां? मगे लिवूक होया."

तो मालवणकडच्या एका मच्छीमार वाडीतला. आई बाजारात मासे विकायची. लहानपणापासून चष्मा, त्यामुळे समुद्रावरून सुटला आणि शिकला. "मासो आणि चष्मो एका जाग्यार नांदणत नाय," असं म्हणत रोज एसटीने कुडाळला यायचा.

पण पूर्णपणे सुटला नव्हता. त्यांच्या वाडीत ट्रॉलरवरची खलाशाची जागा ही माणसाची नसते, घराची असते. घरचा माणूस आजारी पडला की त्याच्या जागी घरचाच दुसरा जातो. जागा एक दिवस जरी रिकामी राहिली, तर मालक ती दुसऱ्या घराला देऊन टाकतो. त्याच्या मावसभावाची अशी एक जागा होती. भावाला बरं नसलं की हा रजा टाकून जायचा, चष्म्याला मागून जाळ्याचा दोरा बांधून. आणि ओळखपत्र? ते जागेबरोबर जातं. धक्क्यावर नाव सांगायचं ते कार्डावरचं. खिशात कार्ड भावाचं, अंगात रक्त याचं. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं.

मी एकदा त्याला विचारलं, "दादा, तुम्ही बदलीवर जाता तेव्हा यादीत कोण असतं?"

"भाव."

"मग तुम्ही कुठे असता?"

तो हसला. पण नख टेबलावर वाजलं, एकदाच. "सोमवारी सांगतलंय मां," म्हणाला.

तुम्ही म्हणाल, एवढं दिसत होतं तर कोणी बोललं का नाही. आपल्या किनाऱ्यावर दिसतं पुष्कळ. मालकांना कार्ड कोणाचं नि माणूस कोण हे चांगलं दिसतं. बुडाला तर मालक यादी दाखवतो, जगला तर मासे मालकाचे. हे मी पत्रकात लिहिलं असतं तर त्याने पुरावा मागितला असता. आता पुरावा आहे.

पावसाळा उलटून गेला होता. एका सकाळी त्याचा फोन आला, मीच उचलला. पाठीमागे इंजिनाची धडधड.

"भावाक ताप इलो आसा. मी जातंय. सोमवारी येतंय. ती डाव्या कोपऱ्यातली फाईल बंद करू नको, अजून दुसरो कागद गावूक नाय."

"दादा, बंदरावर वादळाचा बावटा लागलाय म्हणतात."

"बोट चालवणारो तांडेल पण ताच म्हणता. मालक म्हणता, वारो परवा येतलो." तो थोडा थांबला, मान तिरपी करून थांबायचा तसाच असावा. "बघूया कोण खरो."

त्या दिवशी कुडाळात वारा अजिबात नव्हता. काजूचा धूर चिमणीतून निघून छपरावरच बसून राहिला होता.

वारा परवाची वाट न पाहता त्याच रात्री आला. काही ट्रॉलर देवगडात शिरले, काही विजयदुर्गच्या खाडीत. त्यांचा ट्रॉलर कुठेच शिरला नाही. सोमवारी त्याची खुर्ची रिकामी होती आणि वर्तमानपत्रात बेपत्ता खलाशांची नावं होती. त्यात त्याचं नाव नव्हतं. मावसभावाचं होतं.

मी वाडीत गेले तेव्हा जे पाहिलं ते कसं सांगू? मावसभावाच्या दारात बायका रडत होत्या. नातेवाईक येत होते, पाणी पीत होते, निघून जात होते. आणि आतल्या खोलीत, दार ओढून, मावसभाव बसलेला. जिवंत. मालकाचा माणूस येऊन बजावून गेला होता: तोंड उघडू नको. कार्ड एकाचं, माणूस दुसरा हे बाहेर आलं तर बोटीचे सगळे कागद रद्द होतील, बाकीच्या खलाशांच्या घरांना भरपाई मिळायची नाही, आणि वाडी तुला सोडायची नाही. येणाऱ्यांतल्या निम्म्यांना खरं माहीत होतं. तरी रडत होते, कारण यादीत तेच नाव होतं.

दोन घरं सोडून त्याच्या आईचं दार. तिथे एक चिटपाखरू नाही. ती उंबऱ्यावर बसली होती, शेजारी मासळीची मोकळी पाटी.

"जित्याक रडतत," ती मला म्हणाली. "माझ्या झिलासाठी कोण येवक नाय. तो आसा की नाय ता दर्याक म्हायत. पण तो गेलो, ह्या तरी कोणीतरी लिवा गो."

मी तिला घेऊन मालवणला मत्स्यखात्याच्या कचेरीत गेले. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने यादी वरून खाली पाहिली. "मावशी, या नावाचे कोणी बोटीवर नव्हतेच. पुरावा आहे का?"

मी ओरडणार होते. उद्गारचिन्हं सगळी जिभेवर आली होती. मग मला दादाची मान आठवली, तिरपी केलेली. शुक्रवारचा कागद माझ्यासमोर होता. मला सोमवारचे दोन हवे होते.

पहिला देवगडला सापडला. वादळातून वाचून परत आलेल्या एका होडीवरचा म्हातारा जाळं पसरून बसला होता. हो, तो ट्रॉलर वाऱ्याआधी बाजूने गेलेला. डेकवर एक गडी होता, डोळ्यांवर चष्मा, मागे दोऱ्याने बांधलेला.

"आम्ही तेका चिडवलंव," म्हातारा म्हणाला. "काय रे मास्तर, मासे वाचूक इलंस? तेना हात हलवल्यान. कायतरी बोललो. पण इंजिनाच्या आवाजात आयकाक येवक नाय."

मावसभावाच्या डोळ्यांवर चष्मा नाही. कधीच नव्हता.

सोमवारचा दुसरा कागद मावसभावाच्या त्या अंधाऱ्या खोलीत बसला होता. मी दारातूनच म्हटलं, "भाऊ, तुम्ही बाहेर या. एवढंच."

मग आतून आवाज: "तू आमच्या वाडीतली नाय. तुका काय जाता? उद्या आमची जागा जातली, शेजारची घरां उपाशी मरतली."

"घरं मालकाने बुडवलीत, तुम्ही नाही."

"ता पत्रकात लिव." मग आवाज एकदम खाली गेला. "मी हंय बसलंय तोवर तो खंयतरी आसा, असा वाटता. मी भायर पडलंय तर तो मेलो."

मी फक्त कचेरीची वेळ सांगितली आणि निघाले. बाहेर मालकाचा माणूस मोटरसायकलवर बसून माझ्याकडे पाहत होता. एसटीच्या थांब्यापर्यंत माझ्या मागून हळूहळू गाडी चालवत आला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याची आई होती, देवगडचा म्हातारा होता, मी होते. कारकुनाने म्हाताऱ्याचं सांगणं लिहून घेतलं आणि पेन ठेवलं. "एकाच्या सांगण्यावर यादी बदलत नाही." तो नियमाचं बोलत होता. मला त्याचा राग येईना. हाच नियम मी शिकले होते.

मग दारात सावली पडली. दाढी वाढलेली, अंगावर घोंगडी, ताप अजून डोळ्यांत. बाकावरची माणसं त्याला पाहून सरकली, भूत पाहिल्यासारखी. बाहेर मोटरसायकलचं इंजिन सुरूच होतं.

"नाव?" कारकुनाने विचारलं.

त्याने सांगितलं. कारकुनाने यादी पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं, मग परत यादी.

"हे तर बेपत्ता खलाशांत आहेत."

"साहेब, तो मी. मी जावक नाय. माझ्या जाग्यार माझो भाव गेलो."

आई उठली. तिला वाचता येत नाही. "खंय आसा तो नाव?" तिने विचारलं. मी जागा दाखवली. तिने मासळीचे खवले चिकटलेलं तर्जनीचं नख त्या नावावर ठेवलं आणि वाजवलं. टकटक. मान किंचित तिरपी.

कारकुनाने ते नाव एका सरळ रेघेने खोडलं. पुढे काय लिहायचं, हे विचारायला त्याने मान वर केली.

तिने मुलाचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत सांगतात तसं. आणि तेव्हा पहिल्यांदाच तिने पदर तोंडाला लावला.