चौकटीतला इशारा

माझा भुतांवर विश्वास नाही. भुतांचाही माझ्यावर नसावा, कारण इतक्या वर्षांत एकानेही दर्शन दिलेलं नाही. इंजिनियर माणूस, त्यात पुण्याचा... लग्नाच्या वेळी पत्रिका जुळली म्हणाले तेव्हाही मी 'पुन्हा एकदा तपासा' म्हणालो होतो. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते भुताचं आहे, असं माझं म्हणणं नाही. कशाचं आहे ते कळलं असतं तर तुमचा वेळ घेतला नसता.

आठवण निघाली सुनेमुळे. ती यंत्रांची मॅन्युअलं तयार करते. परवा कॉम्प्युटरवर वैतागली होती. "बाबा, बघा ना! इथे सगळं नीट दिसतंय, आणि छपाईच्या फाइलमध्ये वॉर्निंग गायब! त्यांची स्टाइलशीट आपल्याशी जुळतच नाही."

मी म्हटलं, "भाग संपतो तिथे बघ. बारीक टाइपात जाऊन बसली असेल."

तिथेच होती. "तुम्हाला हो कसं कळलं?" तिनं विचारलं. मी कप तोंडाला लावला. कपात चहा नव्हता.

तर — सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी बदली होऊन कलकत्त्यात. कंपनीचं नाव नको. हॉस्पिटलांना लागणारे वाफेचे स्टरिलायझर आम्ही बेहालाच्या वर्कशॉपमध्ये बनवायचो. मॅन्युअलं मात्र मुंबईत छापून यायची. ती यायला इतका उशीर व्हायचा की मशीन गंजायला लागलं तरी पुस्तकाचा पत्ता नसे. मी मीटिंगमध्ये छाती काढून म्हणालो, "इथेच छापू. मी बघतो." ही 'मी बघतो' म्हणायची खोड मला लहानपणापासून आहे. हिच्यापायी आमच्या घरातली दोन घड्याळं आणि एक रेडिओ गेला.

आमची पद्धत अशी होती, की टाइप केलेल्या मजकुराच्या समासात प्रत्येक परिच्छेदाला आकडा द्यायचा. एक म्हणजे धड्याचं नाव, दोन म्हणजे उपशीर्षक, तीन म्हणजे कृती, चार म्हणजे इशारा. कुठला आकडा कसा छापायचा, ते एका तक्त्यात लिहिलेलं. त्यालाच स्टाइलशीट म्हणायचे. चार नंबर ठळक टाइपात, चौकटीत, आणि ज्या कृतीत धोका आहे तिच्या *आधी*. हात गेल्यावर 'हात घालू नये' वाचून काय उपयोग?

सियालदहजवळच्या छापखान्याचा तक्ता वेगळाच होता. पहिलं प्रूफ आलं ते असं, की 'नट फिरवा' हे पानभर मोठ्या अक्षरात आणि धड्याचं नाव कोपऱ्यात मुंगीएवढं. मग मी आणि तिथले मॅनेजर मजुमदारबाबू समोरासमोर बसलो. आमचा एक म्हणजे तुमचा दोन, आमचा तीन म्हणजे तुमचा पाच... मला तर दोन राष्ट्रांमधला तह करतोय असं वाटत होतं.

"सर, हा तुमचा चार नंबर आमच्याकडे नाही," मजुमदारबाबू म्हणाले. "त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे नोट. नोट करू?"

मला भूक लागली होती. म्हटलं, "करा."

त्यांच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं, की नोटा बारीक टाइपात भागाच्या शेवटी एकत्र घ्याव्यात. तक्त्याला मागची बाजू असते, हे मला सुचलं नाही. शेवटची प्रुफं आली ती इतकी सुबक, इतकी मोकळी! चौकटींची गर्दी नसल्यामुळेच ती मोकळी दिसत होती, हे न कळता मी मजुमदारबाबूंची पाठ थोपटली.

वर आणखी एक टूम माझीच. पुस्तकाची परीक्षा घ्यायची. फिटरनं स्वतःचं डोकं न चालवता पुस्तकात लिहिलंय तसं, ओळीनं करायचं. आमचा फिटर तारक, माझ्याहून थोडा मोठा, हसून म्हणाला होता, "म्हणजे डोकं घरी ठेवून येऊ, साहेब?"

"हो, आईजवळ दे सांभाळायला," मी म्हणालो. पोरं हसली.

परीक्षेच्या दिवशी माझी दाढ ठणकायला लागली. पुस्तकांचा गठ्ठा सकाळीच बेहालाला गेला होता. मी छापखान्यातून माझी प्रत घेतली आणि शेजारच्याच गल्लीत एका दाताच्या डॉक्टरकडे जाऊन बसलो. वेळ जावा म्हणून पुस्तक उघडलं. स्टरिलायझरचं दार उघडण्याची कृती. 'दाबाचा काटा शून्यावर आला की दाराचे स्क्रू सैल करा.' त्याच्या आधी चौकट हवी होती — काटा शून्यावर आला तरी आत वाफ उरलेली असू शकते. आधी वरचा कॉक उघडून वाफ जाऊ द्या. चौकट नव्हती. पानं उलटत गेलो. भागाच्या शेवटी, बारीक टाइपात, पुसायच्या कॉटन वेस्टच्या आणि ऑइलिंगच्या सूचनांच्या मध्ये ती बसली होती.

कंपाउंडरच्या टेबलावर फोन होता. माझ्यापासून हातभर अंतरावर.

आणि त्याच क्षणी आतून हाक आली, "नेक्स्ट!"

 मला माहीत होतं की परीक्षा त्याच दुपारी आहे. पण दाढ अशी ठणकत होती, की मी मनाशी म्हटलं — दहा मिनिटांचं काम, बाहेर येऊन फोन करतो. मी आत गेलो.

इंजेक्शन दिल्यावर डोकं ठिकाणावर आलं. पण तोवर जीभ गेली होती, तोंडात कापूस होता आणि डॉक्टर छातीवर ओणवे. मी बाहेरच्या फोनकडे बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "भय नाही, भय नाही." मी उठू लागलो तर कंपाउंडरनं खांदे दाबून धरले. मी आतल्या आत ओरडत होतो — तारक, थांब, आधी वाफ सोड! बाहेर आलं ते नुसतं "आँ आँ". डॉक्टर म्हणाले, "व्हेरी गुड."

दाढ निघाल्यावर फोनवर झडप घातली. लाइन डेड. टॅक्सी पकडली. सियालदह ते बेहाला हा रस्ता त्या दिवशी कोणीतरी लांबवून ठेवला होता. वाटेत मी तारकच्या आईला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो. एकही वाक्य जुळलं नाही.

गेटमधून धावत आत शिरलो, तर लोक चहा पीत होते. मशीन धडधाकट. तारक उठला आणि सरळ माझ्या पायाशी वाकला.

"साहेब, तुम्ही माझा हात धरला नसता तर आज तोंड भाजून निघालं असतं! कॉक उघडला तर बाप रे, केवढी वाफ! वळून बघतो तर तुम्ही नाही. कुठे गेलात?" मग माझ्याकडे नीट बघून, "आणि एवढ्यात गाल कसा सुजला?"

दरवान म्हणाला, "साहब तो अभी आए." पण मागचं दार माल चढवायला उघडं होतं, साहेब तिथून आले असतील, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी सांगायचा प्रयत्न केला की मी इथे नव्हतोच. बधिर जिभेनं ते "मी अअअ" असं बाहेर पडलं. लोकांना वाटलं, साहेब गहिवरले.

"आणि एक सांगू, साहेब?" तारक म्हणाला. "आज तुमचं बंगाली काय झकास होतं! 'आगे स्टीम छाडो, तारक!' आधी वाफ सोड! अगदी आमच्या गल्लीतल्या माणसासारखं."

माझं बंगाली ऐकून मासेवाले हिंदीत बोलायला लागायचे.

सगळ्या प्रती परत घेऊन पानोपानी चौकटी चिकटवल्या. मोठ्या साहेबांना मी सांगितलं, की दोन तक्त्यांचा मेळ बसला नाही. खरंच होतं ते. फक्त मेळ घालणारा कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. छापखान्याला त्यांनी झापलं. मजुमदारबाबू माझ्याकडे बघत राहिले.

त्यानंतर दरवर्षी दुर्गापूजा संपली की तारक डबा घेऊन यायचा. आईनं केलेले नारळाचे लाडू. 'माझ्या मुलाला वाचवणाऱ्या साहेबांना.' माझी बायको सुमन डबा रिकामा करून देताना कुजबुजायची, "अहो, आज तरी सांगा त्याला. तुम्ही दवाखान्यात होतात म्हणून."

"सांगितलं होतं गं. त्याला तो माझा विनय वाटतो."

"मग निदान पुस्तकातली चूक तुमची होती, हे तरी सांगा."

"लाडू खाऊन होऊ दे."

दाढ काढलेल्या बाजूनं मला ते चावता येत नसत. दुसऱ्या बाजूनं खायचो. आणि त्या फोनचं, त्या हातभर अंतराचं, मी सुमनलाही कधी सांगितलं नव्हतं. पुस्तक खुर्चीत बसण्याआधीच वाचलं होतं, हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

मग नागपूरला बदली झाली. हावडा स्टेशनवर तारक आला, डबा घेऊन. गाडी सुटायला थोडा वेळ होता. मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. म्हटलं, "तारक, त्या पुस्तकातली चूक —"

"तुमची होती. ठाऊक आहे, साहेब."

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की! त्याच दिवशी, हात धरून. डोळ्यांत पाणी होतं तुमच्या. म्हणालात, 'भूल आमार.' मी कुणाला बोललो नाही. साहेबाची नोकरी जायची उगाच." तो थोडा घुटमळला. "फक्त एक गोष्ट मला आजवर कळली नाही. पुढे तुम्ही म्हणालात, 'आमि आगे दाँत देखलाम.' मी आधी दात बघितला. कुठला दात, साहेब?"

सुजलेला गाल त्यानं पाहिला होता, हे मान्य. पण 'आधी'? ते त्याला कोणी सांगितलं? गेली कित्येक वर्षं मी हे उलटसुलट तपासतोय, अगदी मागच्या बाजूसकट. मला उत्तर सापडलेलं नाही.

माझ्या वाटची दोन्ही कामं त्या दुपारी कोणीतरी करून गेलं. हात धरायचं आणि चूक कबूल करायचं. तेही चांगल्या बंगालीत.

गाडी हलली. तारक खिडकीबरोबर चालत होता, उत्तराची वाट बघत. मी तोंड उघडलं... आणि त्यानं हसत डबा आत सरकवला. "असू दे, साहेब. आधी लाडू खा."