झाडून ठेवलेला काठ

लुकारिया वासिलीच्या हातचे धुरावलेले सॅमन मासे ज्याने खाल्ले नाहीत, त्याने आमची अलास्कातली कुस्कोक्विम नदी पाहिली असं आम्ही धरत नाही. बाई ठेंगणी, आवाज खणखणीत आणि जीभ तिच्या सुरीपेक्षा तिखट. नवरा याको गोठलेल्या नदीवरून परतताना बर्फ फुटून गेला, तेव्हा मात्र तिने कितीतरी दिवस कुणाची थट्टा केली नाही. पुढे मुलीला मुलगी झाली आणि आमच्या रीतीप्रमाणे पोरीला गेलेल्या माणसाचं नाव दिलं. याको. पोरगा असो की पोरगी, नाव आलं म्हणजे माणूस परत आला. मग काय, लुकारियाची जीभ पुन्हा सुटली. मांडीवरच्या तान्ह्या पोरीला ती म्हणायची, "आलास का म्हाताऱ्या? मला टाकून कुठे उंडारत होतास?" पोरगी बोलायला लागली तशी सगळ्यांनी मिळून तिला शिकवलं, हिला आजी म्हणायचं नाही, याको म्हणायचा तसं 'म्हातारे' म्हणायचं. गाव हसून लोळायचं.

पोरीची आई अँकरेज शहरात गेली ती तिकडचीच झाली. नवरा म्हणा, नात म्हणा, लुकारियाला ही एकच.

आता तो कायदा. आमच्यापैकी कुणी ज्या गावाचं तोंड पाहिलं नव्हतं, त्या वॉशिंग्टनला तो एका डिसेंबरात झाला. अलास्काच्या मूळ माणसांचे जमिनीवरचे सगळे हक्क एका सहीने मिटवले, आणि बदल्यात काही पैसा नि काही जमीन दिली. तीही माणसांना नाही, कंपन्यांना. गावागावाची कंपनी निघाली आणि जो तो शेअरवाला झाला. ज्यांनी उभ्या जन्मात शेअर नावाची वस्तू ऐकली नव्हती, त्यांनी पदरात पडलं ते पवित्र मानून घेतलं. फक्त कायद्याच्या तारखेनंतर जे मूल जन्मेल, त्याला काही नाही. याको त्या तारखेनंतर जन्मली. जन्मायला उशीर केला म्हणून शिक्षा, असा न्याय मी तरी दुसरा ऐकला नाही.

एक फट तेवढी राहिली होती. वहिवाटीची जागा स्वतःच्या नावावर मागायचा एक जुना कायदा होता. नव्याने तो बंद केला, पण आधी आलेले अर्ज जिवंत ठेवले. लुकारियाचा अर्ज आधीच्या शरदात गेलेला होता. नदीच्या फाट्यावरचा तो वळणाचा काठ, जिथे तिच्या आईने तिला पहिला मासा चिरायला शिकवला, तिथे ती दर उन्हाळ्यात मुक्काम टाकून मासे वाळवायची. ती जागा नावावर झाली की याकोला देता येणार होती. कंपनीने पोरीला वाऱ्यावर सोडलं तरी तिच्या पायाखाली काठ राहील, एवढाच तिचा हिशेब होता.

वर्षांमागून वर्षं गेली आणि एका सप्टेंबरात निरोप आला की जमीन खात्याचा साहेब जागा बघायला येतोय. लुकारियाच्या बहिणीचा मुलगा गोलगा कंपनीत लागला होता, इंग्रजी बोलायचा. दुभाष्या म्हणून तोच जाणार होता.

पाहुणा येणार म्हटल्यावर लुकारियाने काय करावं? तिने काठ झाडायला घेतला.

मासेमारी संपली की ती तसाही काठ साफ करायचीच. वसंतात बर्फ फुटून खाली येतं तेव्हा त्या सखल काठावर काही उभं राहत नाही, म्हणून मासे वाळवायचे खांब आणि धुराचा तंबू नावेत घालून गावात आणायचे. आतडी-काटे पुरायचे. चुलीची राख नदीत सोडायची. घाणेरड्या काठाकडे मासा पाठ फिरवतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण त्या वर्षी तिने कमालच केली. खांबांची भोकं बुजवली, वर शेवाळ लावलं, पायवाटेवर विलोच्या झुडपाच्या फांद्या फिरवल्या. मोठा माणूस येतोय, आपण कशा बाया आहोत हे त्याला दिसू दे, असं ती गावभर सांगत होती. आम्ही सगळे माना डोलावत होतो. एकालाही सुचलं नाही की, बाई, तू तुझीच वहिवाट पुसत्येस.

साहेबाचं विमान पाण्यावर उतरलं. माणूस वाईट नव्हता, उंच, थकलेला, मच्छरांनी फोडून काढलेला. तो काठभर हिंडला. बुटाच्या टोकाने माती उकरली. घर कुठे, कोठी कुठे, निदान चूल कुठे, असं विचारत राहिला. लुकारिया अभिमानाने हात फिरवून दाखवत होती आणि तो नुसतं गवत बघत होता.

मग त्याने विचारलं की ही जागा तुम्ही एकट्याच वापरता, की दुसरंही कुणी येतं?

गोलगाने प्रश्न आमच्या भाषेत सांगितला आणि त्याच भाषेत, त्याच सुरात पुढे जोडलं, "मावशी, एकटीच वापरते म्हण. तेवढंच ऐकायचंय त्याला."

लुकारियाने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने तिला चोरी करायला सांगितली. आमच्यात 'माझं एकटीचं' म्हणणारं माणूस म्हणजे दळभद्री. त्याच्या जाळ्यात दुसऱ्या वर्षी काही पडत नाही.

"कद्रू म्हणवून घेऊ का या वयात?" ती म्हणाली. "सांग त्याला, जो येईल तो इथे उतरतो. जो उतरतो तो जेवून जातो. मी कुणाला नाही म्हटलेलं नाही."

आणि गोलगाने ते अक्षरन् अक्षर सांगितलं. त्या एका वाक्यापुरतं त्याचं इंग्रजी कच्चं पडलं असतं तर काय बिघडलं असतं, हा राग माझ्या मनातून आजही जात नाही. साहेबाने लिहून घेतलं. लुकारियाने त्याला वाळक्या माशांची जुडी बांधून दिली.

त्याच फेरीत तो वरच्या अंगाला मोक्सी इव्हानची जागा बघून आला. मोक्सी आळशांचा राजा. त्याच्या काठावर गंजलेली पिंपं, मोडकी बर्फगाडी, डबे, फाटकी ताडपत्री, मेलेल्या कुत्र्याची साखळीसुद्धा तशीच पडलेली. जाळं टाकलेलं त्याला कुणी पाहिलं नव्हतं. वहिवाटीचा एवढा पुरावा साहेबाला अख्ख्या नदीवर मिळाला नसेल. मोक्सीचा अर्ज मंजूर झाला आणि लुकारियाचा नामंजूर. कारण असं दिलं होतं की जागेवर वापराची खूण नाही आणि जागा सर्वांना खुली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

लुकारिया हसली. आधी हसलीच. "मोक्सीचा उकिरडा पास झाला का? मला सांगायचं होतंत, मी चार पिंपं नेऊन टाकली असती." लोक हसले. मग ती घरात गेली आणि दोन दिवस बाहेर आली नाही.

मोकळी राहिलेली ती जागा कंपनीच्या वाट्यात गेली. पुढच्या जूनमध्ये लुकारिया नावेत खांब, तंबू आणि पोरीला घालून तिथे पोचली, तर काठावर कंपनीची टोपी घालून गोलगा उभा. त्याला राखणदार नेमलं होतं. त्याने नावेचा दोर धरला, मावशीला हात देऊन उतरवलं आणि पोरीपुढे आडवा झाला.

"मावशी, तू ये. तुझीच जागा आहे, तू शेअरवाली आहेस. पण हिचा शेअर नाही. बिनशेअरवाल्याला उतरू द्यायचं नाही असा ठराव झालाय."

"कुणाला, याकोला? तुला जाळं विणायला शिकवणाऱ्याला?"

गोलगाने मान खाली घातली, पण हलला नाही. त्याचीही नोकरी होती.

लुकारियाने लगेच तोड काढली. "मग माझे शेअर हिला दिले. आता ती उतरेल, मी नावेत बसते."

"असे देता येत नाहीत. कायद्यात बसत नाही," गोलगा म्हणाला. "तिच्या नावे लिहून ठेव, तू गेलीस की तिचेच आहेत. तोवर नाही."

पोरगी नावेच्या काठावर हनुवटी टेकून सगळं ऐकत होती.

हिवाळ्याचे मासे तर वाळवायलाच हवेत. दुसरीकडे जावं तर प्रत्येक काठ आता कुणाच्या ना कुणाच्या नावावर किंवा कंपनीचा. शेवटी लुकारियाने नाव खुंट्याला बांधली, पोरीला नावेतच मच्छरदाणीत बसवलं आणि एकटीने खांब रोवले. ती काठावर मासे चिरायची आणि पोरगी हाकेच्या अंतरावर पाण्यात डुलत बसायची. गोलगा दिवसातून दोनदा येऊन बघून जायचा, आणि जाताना मासा घेऊन जायचा. लुकारिया त्यालाही नाही म्हणाली नाही.

एका दुपारी पोरीने नावेतून हाक मारली.

"म्हातारे, तू कधी मरशील?"

लुकारियाने सुरी थांबवली नाही. पोरगी रागाने विचारत नव्हती. तिला फक्त काठावर यायचं होतं.

"एवढे मासे वाळू देत," लुकारिया म्हणाली.

पोरगी बरं म्हणाली आणि खांबांवर किती मासे ओले आहेत ते बघत बसली.