बिनशॉकअपची सायकल

भिलाईत, सुपेल्यात साहूच्या सायकल दुकानासमोर एक बाक आहे. त्यावर आम्ही तिघं रिटायर माणसं सकाळी बसतो. देवराव, शामराव आणि मी. तिघंही स्टील प्लांटचे, रूळ बनवणाऱ्या रेल मिलचे. साहूच्या दुकानात जुने टायर खिळ्याला लटकलेले असतात. कोणी मागत नाही, साहू फेकत नाही. बाकावरच्या गोष्टींचंही तसंच झालं आहे. त्यातल्या देवरावच्या सायकलीच्या तेवढ्या सांगतो. मला सजवून सांगता येत नाही.

*

देवरावची बायको सुशीलावहिनी. तिचं डोकं आता साथ देत नाही. माणसं विसरते, घर विसरते. दर आठवड्याला तिला सिविक सेंटरजवळ डॉक्टरकडे न्यावं लागतं. ऑटोत बसवलं की ओरडते. कारचं दार लागलं की काच बडवते. एकदा तर चालत्या ऑटोतून उतरायला निघाली. डॉक्टर म्हणाला, आणलंच पाहिजे. देवराव म्हणाला, "आणीन." कसं आणणार, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग एक दिवस बाजारात तिचा हात सुटला. शोधलं तर ती एका भाजीवाल्याच्या उभ्या सायकलीवर, मागच्या कॅरिअरवर बसलेली. पाय एका बाजूला, मांडीवर पिशवी, पदर नीट.

भाजीवाला हात जोडून उभा होता, आईला म्हणतात तसं 'दाई' म्हणत. "दाई, ए मोर साइकिल ए!"

वहिनी समोर पाहत म्हणाली, "चला न. उशीर होऊन राहिला."

लग्न झाल्यावर देवराव तिला असाच कॅरिअरवर बसवून न्यायचा. तेव्हा स्कूटर कोणाकडे होती? दुसऱ्या दिवशी तो बाकावर बसला नाही. सरळ साहूला म्हणाला, "सायकल पाहिजे. सेकंडहँड."

*

साधी काळी सायकल चालणार नव्हती. तिचा दांडा उंच. मागं बायको बसल्यावर देवरावची टांग त्यावरून जात नाही. गुडघाही गेलेला, म्हणून चढावर गिअर पाहिजेत. आणि पेन्शन औषधात जाते, म्हणून नवी नको.

साहू म्हणाला, "तो पुरानी माउंटेन साइकिल देख, बबा. डंडा नीचे, टायर मोटा, गिअर भी है."

शामरावला हसू आवरेना. "माउंटन? भिलाईत पहाड कुठं हाय बे?"

देवराव म्हणाला, "माझा गुडघा घेऊन ओव्हरब्रिज चढ. मग विचार."

*

एका कबाड्याकडे अशा दोन सायकली होत्या. आम्ही लोखंडाची माणसं. शामरावनं दोन्ही उचलून पाहिल्या. हलकी बाजूला सारली. "हे पापड हाय." जड होती तिच्यावर पाना ठोकला, कान लावला. "हा माल! हिचा रूळ होते. हेच घे, देवराव."

देवराव म्हणाला, "आवाज बसका आला."

"अरे, जिंदगीभर रूळ काढले आपण. मले शिकवून राहिला का तू?"

सोबत आलेल्या साहूनं सीटचा पाइप ओढून काढला आणि सायकल उलटी धरली. आधी तांबडं पाणी आलं. मग चिखल. मग कुंभारीण माशीचं मातीचं घर, अख्खं! वर सीट नव्हती, त्या उघड्या पाइपातून किती पावसाळे आत गेले होते कोणास ठाऊक.

"अब उठा के देख, बबा."

शामरावनं उचलली नाही. मान वळवून म्हणाला, "तो पापड कुठं गेला?"

पापड तोवर दुसऱ्यानं नेला होता.

*

स्मृति नगरात एक इंजिनिअर आपली सायकल विकत होता. चमकणारी. पुढं शॉकअप, मागं शॉकअप. भाव बसत होता. देवरावचं घर जवळच, म्हणून त्यानं वहिनीला चालवत आणलं. सीटच्या पाइपाला आवळायचं एक कॅरिअर सोबत आणलं होतं, ते लावलं.

वहिनी बसली. सायकल खाली दबली. ती किंचाळून उतरली आणि भिंत धरून उभी राहिली. "जमीन गेली," म्हणाली. किती वेळ भिंत सोडेना.

इंजिनिअर गोंधळला. "अंकल, सस्पेन्शन है. आराम के लिए ही होता है."

देवराव कॅरिअर खोलत होता. "जिसको बैठना है, उसको पूछो."

त्यानंतर त्याची पहिली अट ठरली. शॉकअप नको, कुठंच नको.

*

हवी तशी मिळाली ती एका बाईंच्या गच्चीवर. त्यांच्या नवऱ्याच्या तरुणपणातली. निळी, दांडा उतरता, पुढचं चाक धरणारा चिमटा सरळ लोखंडी, शॉकअप नाही. हँडलला मनीप्लांटचा वेल चढलेला.

देवरावनं खिशातून सुतळी काढली. मागच्या चाकापासून हँडलच्या बुडाला वळसा देऊन परत चाकापर्यंत ताणली. सीटच्या पाइपापासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आलं. म्हणजे फ्रेम वाकलेली नव्हती. चिमट्याला मागून नख फिरवलं. चीर नव्हती. शेवटी मागच्या चाकाजवळ वाकला. कॅरिअरचे बोल्ट बसायची भोकं होती. त्यांवर बोट फिरवून पाहिलं.

बाईंनी विचारलं, "नातवासाठी का?"

"मीच चालवीन."

"या वयात?"

देवराव उठला. "मी सायकलीचं वय विचारलं का?"

बाईंनी वेल आपल्या हातानं सोडवून दिला.

*

बाजारातलं कॅरिअर देवरावला पसंत पडेना. साहूच्या दुकानात आम्हीच सळया कापून, वेल्डिंग करून बनवलं. साहू कपाळाला हात लावून म्हणाला, "इसमें दाई बैठेगी कि पटरी लदेगी?"

ट्रायल शामरावची घेतली. वहिनी बसते तसंच बसायचं, पाय एका बाजूला. देवरावनं त्याला सुपेला चौकातून फिरवून आणलं. ऑटोवाले हॉर्न वाजवत होते, पोरं शिट्ट्या मारत होती.

उतरल्यावर शामराव म्हणाला, "माझ्या वरातीत बी एवढे लोक नवते!"

कॅरिअर हललं नव्हतं.

*

डॉक्टरचा दिवस आला. मी आणि शामराव देवरावच्या फाटकाशी उभे राहिलो, हात लागला तर असावा म्हणून. देवराव सायकलीवर होता, एक पाय जमिनीवर. त्यानं वहिनीला हाक मारली नाही.

ती आपणच बाहेर आली. सायकलीकडे पाहिलं. कॅरिअर तळहातानं दाबलं. पदर सावरला आणि बसली. सायकल दबली नाही.

मग त्याच्या पाठीकडे पाहून म्हणाली, "भाऊ, सिविक सेंटरले सोडता का? आमचे हे ड्यूटीवर गेले."

शामरावनं मान खाली घातली.

देवराव वळला नाही. "सोडतो, बाई. धरून बसा."

"परक्याले कावून धरू? आधी नाव सांगा. हे घरी आले की विचारतीन, कोणाच्या सायकलवर गेली म्हणून."

"देवराव."

 वहिनी तोंडावर पदर धरून हसली.

"ह्यायचं नाव मी घेत नाही," ती म्हणाली. "पण हेच हाय."

देवरावनं पॅडल मारलं. तिनं मागून त्याचा सदरा धरला.