चुकलं की पडणारे गृहस्थ

कुंभकोणम्‌ला मी कर्णबधिर मुलांना विज्ञान शिकवायचे. नव्वदच्या सुमारास शाळेत कॉम्प्युटर आला. मुलांना जमला तरच तो राहणार होता. चालवून दाखवायला मद्रासहून एक गृहस्थ आले. पोट मोठं, कमरेला पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीवजा धोतर. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पडद्यावर प्रश्न यायचा, मुलं बटण दाबायची. उत्तर चुकलं की यंत्र 'टूं' करायचं. ते या मुलांना ऐकू कसं येणार? गृहस्थांनी डोकं खाजवलं आणि पुढच्या 'टूं'ला स्वतःच धाडकन जमिनीवर पडले. वर्ग हसून हसून गडाबडा लोळला.

मग काय! लोहचुंबक कशाला ओढतं? लाकडाला! रबराला! काचेला! लोखंडाचं बटण कुणी दाबेचना आणि गृहस्थ पडतच राहिले.

मी वैतागून तमिळमध्ये म्हटलं, "अहो, सगळी मुद्दाम चुकतायत. शिकणार काय?"

ते धापा टाकत उठले. "टीचरम्मा, दर वेळी न चुकता चुकायचं, तर बरोबर उत्तर ठाऊक असावं लागतं."

मी मुख्याध्यापिकांना सांगून आले, कॉम्प्युटर ठेवू या. परतले तेव्हा गृहस्थांनी हळूच एक उशी मागितली. पुढचा धडा गुरुत्वाकर्षणाचा होता.